खरखर पुसू नका, पेरूही नका

(आगाऊ सूचना: पोस्ट लांबली आहे. आजोळच्या मंडळींपैकी कोणाला राग आला तर थेट फोन करा. ग्रुपवर नको, तिथे आधीच बरंच झालंय.)

गेल्या महिन्यात मामाच्या पंच्याहत्तरीला सगळं आजोळ जमलं होतं. जेवणं झाली, पानं झाली आणि दादाने (म्हणजे मामेभाऊ, मुक्काम न्यू जर्सी) लॅपटॉप उघडला. म्हणाला, "आता आजी ऐकायची."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १९८६ साली धाकट्या मावशीचं लग्न ठरलं. हळद दळायच्या दिवशी मामाने नव्या टेपरेकॉर्डरवर आजीच्या ओव्या टेप केल्या. घरात कोरी कॅसेट नव्हती. मग सिनेमाच्या गाण्यांची एक कॅसेट घेतली, तिच्या वरच्या कडेच्या तुटलेल्या खाचांवर चिकटपट्टी लावली आणि त्याच गाण्यांवर आजीला टेप केलं. आजी १९९४ साली गेली. तिचा आवाज जगात कुठे असेल तर तो त्या बावीस मिनिटांत.

त्या संध्याकाळी तीन गोष्टी वाजल्या. पहिली, दादाने 'साफ' करून आणलेली आजी. ना खरखर, ना घरघर, नुसता आवाज. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी म्हणाली, "किती कोवळा गळा होता गं आईचा!" टाळ्या झाल्या. दुसरी, भाच्याचा लग्नाआधीचा व्हिडिओ. शूटिंग गेल्या वर्षीचं, फोनवरचं. पण चित्रावर जुन्या फिल्मसारखे ओरखडे आणि मागे जुन्या रेकॉर्डसारखी चरचर. त्यालाही टाळ्या. तिसरी होती माझी वीस मिनिटांची रचना, 'घरघर'. तीही त्याच टेपवरून केलेली. चौथ्या मिनिटाला मामी वाट्या गोळा करायला उठली. संपल्यावर कोणीच काही बोललं नाही. मग मावशी म्हणाली, "माझ्या लग्नाची हळद ती. तिला अशी वाळवी का लावलीस रे?"

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर निकाल लागला: कलेच्या नावाखाली आजीचा आवाज खराब केला. चार अंगठे, एक हात जोडलेले.

हे त्याचं उत्तर. माझं म्हणणं असं आहे की त्या संध्याकाळी आजीचा आवाज खराब झाला खरा, पण तो माझ्या हातून नाही. आणि खरी खरखर पुसणारे आणि खोटी खरखर पेरणारे हे एकाच जातीचे अपराधी आहेत. एकाच फोनमध्ये दोन्हीची सोय असते हा काही योगायोग नाही.

आधी 'साफ' म्हणजे काय होतं ते बघू.

कॅसेटमधली फीत चार मिलिमीटरहून थोडी कमी रुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास सरकते. तिच्यावर चुंबकीय भुकटीचा थर असतो. त्या भुकटीचे कण काही एका रांगेत शिस्तीत बसलेले नसतात, म्हणून काहीही टेप केलं नाही तरी सस्स असा आवाज येतोच. तो कागदाच्या पोतासारखा. खरखर काढण्याची जुनी पद्धत अशी की ज्या जागी कोणी बोलत नाही तिथला सस्स मोजायचा आणि सगळीकडून तेवढा वजा करायचा. नव्या पद्धतीत संगणकाला माणसांच्या बोलण्याचे ढीगभर नमुने ऐकवून शिकवलेलं असतं की हा आवाज, बाकी सगळा कचरा.

आता सांगा, हळद दळताना आजीच्या आवाजाखेरीज टेपवर काय असणार? जातं असणार. सलग, एका लयीतली घरघर. यंत्राच्या दृष्टीने अगदी आदर्श कचरा. तो गेला. ओवीच्या ओळीच्या शेवटी आजी स्वर लांबवते. बोलण्यात कोणी इतका लांब स्वर काढत नाही, म्हणून त्याची शेपटी अर्ध्यात कापली गेली. मागच्या बायका ओळ उचलतात ते पाण्याखालून आल्यासारखं झालं. ओवी जात्यावरची, आणि त्यातून जातंच काढलं! म्हणजे भजनातून टाळ-मृदंग काढून वर शाबासकी घेण्यासारखं झालं.

मामाच्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाज आपोआप कमीजास्त करण्याची सोय होती. त्या काळच्या बऱ्याच टेपरेकॉर्डरमध्ये असायची. आजी गाते तेव्हा यंत्र बाकी सगळं मागे ढकलतं. ती श्वासाला थांबली की दोन-तीन सेकंदांत मागचं सगळं हळूहळू वर येतं: जातं, कोणाचं तरी रडणारं पोर, अंगणातला कावळा. ती परत गायला लागली की झटकन मागे. तंत्राच्या भाषेत हा दोष आहे. पण त्या घराचं अंगण मला ऐकू येतं ते या दोषामुळे. दादाच्या फाइलमध्ये आजी थांबली की शून्य. अंगण नाही, पोर नाही, कावळा नाही. आजी जणू एखाद्या कपाटात बसून गातेय.

आणि बांगड्या. जातं ओढायला दोघी लागतात. एका बाजूला आजी होती, दुसऱ्या बाजूला माझी आई. आई गात नव्हती. आपल्याला गळा नाही असं ती म्हणायची. ती फक्त ओढत होती, आणि प्रत्येक फेऱ्याला तिच्या बांगड्या वाजतात. आई २०१९ साली गेली. त्या टेपवर ती तेवढीच आहे. दादाच्या फाइलमध्ये ती नाही. यंत्राने तिला खरखर समजून पुसलं.

दादा, तू हे मुद्दाम केलं नाहीस हे मला माहीत आहे. पण 'मुद्दाम नाही' हीच तर तक्रार आहे.

आता त्या 'कोवळ्या गळ्या'बद्दल.

दादाने साफ करण्याआधीची फाइल सुदैवाने पुसली नव्हती. (कॅसेट मात्र घर बदलताना टाकून दिली. "डिजिटल झालीय की!" काय बोलणार.) ती कच्ची फाइल मी संगणकावर उघडून तिचे सगळे आवाज उंचीप्रमाणे मांडून पाहिले. खाली दोन बारीक रेघा दिसल्या. एक ६० हर्ट्झवर. ती अमेरिकेच्या विजेची गुणगुण, दादाने टेप संगणकात घेताना शिरलेली. दुसरी ५२च्या जवळ, आणि तिची जुळी बहीण १०४ला. ही मात्र टेपमधलीच. मामाचा टेपरेकॉर्डर त्या दिवशी सेलवर नव्हता, भिंतीतल्या प्लगवर होता. आपल्या विजेची गुणगुण ५०ची. मग ५२ कशी?

अशी, की टेप पाहिजे त्यापेक्षा ४ टक्के जोरात वाजली आहे. मामाचं यंत्र तेव्हा हळू चाललं असेल किंवा दादाचं आता पळालं असेल, परिणाम एकच. त्या काळात आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी हेलकावे खायची, बऱ्याचदा ५०च्या खालीच असायची. म्हणजे चूक ४ टक्क्यांहून जास्त निघण्याचीच शक्यता, कमी नाही. ४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण पेटीवर एका पट्टीपासून पुढच्या पट्टीच्या अर्ध्याहून जास्त वाट झाली. आजीचा आवाज कोवळा नव्हता. मोटार पळत होती.

कच्ची फाइल वेग कमी करून ऐकली. आवाज जड झाला, थोडा घोगरा झाला, आणि मला एकदम आजी आठवली. कंदिलाची काच पुसताना पुटपुटणारी. आता गंमत बघा. हे कळलं ते केवळ त्या गुणगुणीमुळे. दादाच्या साफ फाइलमध्ये ५०, ५२, ६० काहीच उरलेलं नाही. म्हणजे 'मळ' म्हणून जे फेकलं, आजीचा खरा सूर कोणता याचा पुरावा त्यातच होता. फक्त साफ फाइल उरली असती तर आपल्या पोरांनी आयुष्यभर पळत्या मोटारीला पणजी म्हटलं असतं.

आता माझ्यावरचा आरोप. "मग तू तरी काय केलंस? शेवटी शब्दसुद्धा ऐकू येत नाहीत."

मान्य. काय केलं ते सांगतो. वेग दुरुस्त केलेल्या फाइलमधले चाळीस सेकंद घेतले. ते पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या एका कॅसेट डेकवर टेप केले. ते वाजवून दुसऱ्या डेकवर. तिथून पुन्हा पहिल्यावर. असं तीस वेळा. मग ते तीसही तुकडे ओळीने लावले. एकही जादाचा आवाज घातला नाही. दर पिढीला वरचे बारीक आवाज थोडे झिजतात, सस्स थोडा वाढतो, रबरी बेल्ट सैल असल्यामुळे सूर थोडा डुलतो. दहाव्या पिढीला शब्द पुसट होतात, विसाव्याला जातात. शेवटी जे उरतं त्यात एक गोल फिरणारी लय आहे. आजीचा आवाज कुठला आणि जातं कुठलं ते वेगळं काढता येत नाही.

ही युक्ती माझी नाही. आल्विन ल्युसिए या अमेरिकन संगीतकाराने १९६९ साली एका खोलीत बसून चार वाक्यं बोलून टेप केली, ती त्याच खोलीत वाजवून परत टेप केली, परत वाजवली, परत टेप केली. हळूहळू त्या खोलीचा घुमारा सगळे शब्द गिळून टाकतो आणि सूर तेवढे उरतात. ल्युसिए बोलताना अडखळायचा, ते अडखळणंही त्यात विरघळून जातं. विल्यम बसिन्स्कीने २००१ साली न्यूयॉर्कमध्ये आपल्या वीसेक वर्षं जुन्या टेपचे वेटोळे डिजिटल करायला घेतले. टेप फिरता फिरता तिच्यावरची भुकटी झडायला लागली आणि संगीतात भोकं पडत गेली. त्याने यंत्र थांबवलं नाही, झडणं टेप होऊ दिलं. दोघांनीही वरून काही शिंपडलं नाही. जे खरंच घडत होतं ते घडताना ऐकवलं.

आणि हा माझा मुख्य मुद्दा आहे. मी आजीचा आवाज मोडला, पण प्रतीचा मोडला, तुमच्या देखत मोडला, आणि त्याला नाव 'घरघर' दिलं. 'आजी' दिलं नाही. दादाने मोडला आणि वर 'आजीचा मूळ आवाज' असं लेबल लावलं. वाळवी कोणी लावली ते मावशीनेच ठरवावं.

"ही सगळी पाश्चात्य फॅडं," असंही एक मत आलंय. बरं. मिरजेला जाऊन तंबोऱ्याची जवारी लावताना कधी बघा. तार घोडीच्या किंचित गोलसर पृष्ठभागाला घासत झणझणली पाहिजे म्हणून कारागीर ती घोडी घासत बसतो. वर तारेखाली सुताचा धागा सरकवतात, तो योग्य जागी आला की आवाज उमलतो. शुद्ध, स्वच्छ तार नको म्हणून केवढा हा खटाटोप! ते झणझणणं म्हणजे दुसरं काय आहे? मूळ सुरात घातलेली, जपलेली, कमावलेली विकृतीच आहे. आपण तिला जवारी म्हणतो आणि तिच्याशिवाय गायला बसत नाही. एखाद्या स्वच्छतावादी यंत्राला तंबोरा ऐकवला तर ते काय करेल याची मला भीती वाटते.

आणि अहमदाबादच्या एनआयडीत १९६९ साली मूग सिंथेसायझर आलं होतं, डेव्हिड ट्यूडरने तिथे स्टुडिओ उभा करून दिला होता, आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर अशा आपल्याच लोकांनी तिथे प्रयोग केले होते. त्या टेप कित्येक वर्षं कपाटात पडून होत्या. त्यातल्या निवडक २०२३ साली प्रसिद्ध झाल्या. मधल्या काळात कोणी "जुन्या आहेत, खरखरतात" म्हणून भंगारात दिल्या असत्या तर हा इतिहासच नसता.

आता दुसरी बाजू. भाच्याचा व्हिडिओ.

इथे मी कबुली देतो, कारण हा गुन्हा मीही केला आहे. २०११ साली मी एक तुकडा केला होता. संगणकावरच रचलेला, आणि त्यावर तयार मिळणारी जुन्या रेकॉर्डची चरचर पसरली. लोकांना फार आवडला. "काय तो काळ!" वगैरे. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ आले. जन्मभर जुन्या रेकॉर्डी जमवलेला माणूस. म्हणाले, "कुठली रेकॉर्ड हो?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो. ते म्हणाले, "नाही, कारण ती फिरत नाहीये."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. तबकडीवर ओरखडा असेल तर तो दर फेऱ्याला सुईखाली येतो. ७८ची रेकॉर्ड असेल तर पाऊण सेकंदाला टक्, टक्, टक्. माझी चरचर वाट्टेल तशी पडत होती. म्हणजे त्या चरचरीमागे तबकडी नव्हती, सुई नव्हती, कोणी ती तबकडी ऐकली नव्हती, कोणाच्या हातून पडली नव्हती. नुसता जुनेपणाचा मसाला. मला इतकी लाज वाटली की तो तुकडा मी परत कधी वाजवला नाही.

ओरखडा म्हणजे कोणाच्या तरी घरात घडलेली एक लहानशी घटना. ख्रिश्चन मार्क्लेने १९८५ साली एक रेकॉर्ड काढली, तिला वेष्टनच दिलं नाही. दुकानात, पिशवीत, घरात जे ओरखडे पडतील ते त्या संगीताचा भाग. म्हणजे प्रत्येकाची प्रत वेगळी, आणि प्रत्येक ओरखडा मिळवलेला. त्याच्या उलट आपण. ज्या आवाजाने चाळीस वर्षांचे ओरखडे सोसले त्याला चकाचक करतो, आणि गेल्या वर्षी जन्मलेल्या व्हिडिओला रेडिमेड सुरकुत्या काढतो. म्हाताऱ्याला कलप आणि पोराला खोटी दाढी! दोन्हीकडे वय या गोष्टीबद्दल एकच भावना आहे: ते खरं नको, पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढं मिळालं पाहिजे.

आता न्यायाची गोष्ट. साफ प्रत कधीच करू नये असं मी म्हणत नाही. मावशीला ओव्या लिहून काढायच्या आहेत, त्यासाठी शब्द स्पष्ट ऐकू येणारी प्रत हवीच. करा. पण ती मूळच्या शेजारी ठेवा, मूळच्या जागी नको. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या खेडोपाडीच्या बायकांकडून गोळा करून कागदावर उतरवल्या, आणि बर्नार बेल यांच्यासोबत ध्वनिमुद्रणंही केली. नुसते शब्द पुरले असते तर तो दुसरा खटाटोप कशाला केला असता?

तर आजोळच्या सर्व लहानथोरांना हात जोडून विनंती. घरात कुठे कॅसेट असेल, मामीच्या माहेरची कीर्तनाची आहे, रत्नागिरीच्या काकांकडे मुंजीची आहे, तर ती टाकू नका. गुंडाळा सुटला असेल तर शिसपेन्सिल घालून हळू फिरवून घ्या आणि माझ्याकडे पाठवा. मी ती आहे तशी उतरवून देईन, सस्स आणि गुणगुणीसकट. तिची 'घरघर' करणार नाही, असं लेखी देतो. विचारल्याशिवाय तर नाहीच, कारण त्या बाबतीत मावशीचं बरोबर होतं. हळद तिची होती आणि मी तिला विचारलं नव्हतं.

परवा मावशीचा फोन आला होता. राग गेलेला नाही. पण कच्ची फाइल मागितली. पाठवली. रात्री तिचा निरोप आला: बाराव्या मिनिटाला जातं थांबतं तेव्हा जी हसते ती मीच, आई मला काहीतरी बोलली होती, काय ते आता आठवत नाही.

दादाच्या फाइलमध्ये बाराव्या मिनिटाला शांतता आहे. तपासून बघा.

असो.